काकाक, आबांग, आदिक: मलेशियात कोणाला कशी हाक मारायची

क्वालालंपूरला येऊन मला जेमतेम दोन आठवडे झाले होते, कांपुंग बारूमधल्या एका जेवणाच्या ठेल्यावर उभी होते (हा कांपुंग बारू म्हणजे १९०० च्या आसपास ब्रिटिशांनी मलाय लोकांसाठी राखून ठेवलेली वस्ती, अजूनही बरीचशी बैठी घरं, आणि मान वर केली की पेट्रोनासचे ते दोन टॉवर). समोरच्या बाई मोठ्या डावाने भातावर रस्सा घालत होत्या, वय असेल चाळीसच्या आसपास. मी आदल्या रात्री फोनवर शब्द पाठ केले होते, त्यातला 'माकचिक', म्हणजे मावशी किंवा काकू, तो काढला आणि एकदम आदबीने म्हटलं, "माकचिक, बरापा?" म्हणजे मावशी, किती झाले? बाईंचा डाव हवेतच थांबला. शेजारचा पोरगा हसायला लागला. मग बाई म्हणाल्या, "काकाक मुदा लागी, ताउ!" म्हणजे ताई अजून तरुण आहे म्हटलं, कळलं का. नंतर त्यापण हसल्या, पण मी पाच मिनिटं मान खाली घालून जेवले.

आपल्याकडे चाळिशीच्या बाईला भाजीवाल्याने 'काकू' म्हटल्यावर जे होतं तेच हे. म्हंजे मलाय भाषेतली ही पद्धत आपल्याला परकी अजिबात नाही, अनोळखी माणसाला दादा, ताई, मावशी, काका करत हिंडणारे आपण लोक, आपल्याला हे दोन दिवसात जमायला पाहिजे. पण एका ठिकाणी आपण हमखास फसतो आणि ते ठिकाण कोणतं ते मला वर्षभराने कळलं, म्हणून नीट क्रमाने सांगते. १ डिसेंबर २०२३ पासून भारतीय पासपोर्टवर ३० दिवसांसाठी व्हिसाची भानगड काढून टाकल्यापासून ओळखीतलं कोणी ना कोणी इकडे येतंच असतं आणि प्रत्येकाला मी हेच सांगत बसते, तर आता लिहूनच टाकते.

आधी तीन शब्द, आणि त्यांचा उच्चार

आबांग म्हणजे मोठा भाऊ. काकाक म्हणजे मोठी बहीण. आदिक म्हणजे धाकटं भावंड, मग तो भाऊ असो की बहीण, एकच शब्द. हाक मारताना तिघांचंही पहिलं अक्षर गळतं आणि उरतं बांग, काक, दिक. हो, मराठीत एक कोंबडा देतो आणि दुसरा पिंडाला शिवतो, माहितीये, माझ्या नवऱ्याला पहिले दोन महिने हसू आवरत नव्हतं.

आता उच्चार. मलाय शब्दाच्या शेवटी जो 'क' लिहिलेला दिसतो तो आपल्यासारखा खणखणीत म्हणायचा नाही, घशात तिथल्या तिथे आवाज तोडायचा, जसं बोलता बोलता उचकी दाबतो तसं. त्यामुळे 'काकाक' कानाला जवळजवळ 'काका' ऐकू येतं! पहिल्यांदा एका पोराने मला "काका" अशी हाक मारली तेव्हा मी मागे वळून कुठला काका उभा आहे ते बघितलं होतं. 'आदिक' पण ऐकायला 'आदे'च्या जवळ जातं आणि 'दिक'चं 'दे'. 'आबांग'मधला शेवटचा ग पूर्ण म्हणायचा नाही, नाकातच ठेवायचा, 'गंगा' म्हणताना 'गं'वर थांबलो तर जसं होईल तसं. मी इथून पुढे लिहिताना क लिहीनच, पण म्हणताना तो गिळायचा हे लक्षात असू द्या.

आता मुख्य गोष्ट: 'तू' आणि 'तुम्ही' विसरा

हीच ती जागा जिथे आपण फसतो. मराठीत 'दादा' ही नुसती हाक आहे. "दादा, तुम्ही कुठे चाललात?" इथे हाक वेगळी आणि 'तुम्ही' वेगळं, आणि आदर खरा कुठे आहे तर 'तुम्ही'त आणि 'चाललात'मध्ये. मलाय क्रियापदाला असं काही शेपूटच नाही. 'पर्गी' म्हणजे जाणे, मी पर्गी, तू पर्गी, राजा पर्गी, सगळे पर्गी. मग आदर दाखवायचा कुठे? तो सगळा भार येऊन पडतो माणसाला काय म्हणून संबोधलं त्या एका शब्दावर.

आणि 'तू'साठी जे शब्द आहेत ते सगळेच काही ना काही गोची करतात. 'काउ' किंवा 'अंकाउ' हा जिगरी दोस्तांचा नाहीतर भांडणाचा. 'आवाक' बरोबरीच्या लोकांत चालतो, नवराबायकोत चालतो, पण मोठ्या माणसाला म्हटला की उद्धट. 'कामू' म्हणजे मास्तरांनी पोरांना म्हणावं तसा. 'आंदा' आहे एकदम स्वच्छ शब्द, पण तो जाहिरातीतला आणि फॉर्मवरचा, ठेल्यावर 'आंदा' म्हणालात तर बँकेच्या मशीनसारखे वाटाल. शिकवणाऱ्या अ‍ॅपमध्ये नेमके हेच 'आवाक' आणि 'आंदा' आधी शिकवतात आणि आपण आत्मविश्वासाने साठीच्या आजोबांना 'आवाक' म्हणून मोकळे होतो.

मग लोक करतात काय? नातं थेट वाक्यात घालतात, 'तुम्ही'च्या जागी. "आदिक नाक पर्गी माना?" शब्दशः 'धाकटं भावंड कुठे जाणार?', अर्थ 'तुला कुठे जायचंय?' बोलणारा टॅक्सीवाला तुमच्याशीच बोलतोय, तुमच्या भावाची चौकशी करत नाहीये. मी पहिल्यांदा उत्तर दिलं होतं की माझा धाकटा भाऊ नागपुरात असतो.

बरं, हे इथे थांबत नाही, 'मी'च्या जागीपण तेच नातं येतं. त्याच टॅक्सीवाल्याला मी पुढचा रस्ता विचारला तर तो म्हणाला, "आबांग ताक ताहू, दिक." दादाला माहीत नाही गं, म्हणजे 'मला' माहीत नाही. आपल्याकडे लहान पोरांशी बोलताना असं होतं ना, "आजी देते हं तुला खाऊ", तेच, फक्त इथे मोठी माणसं मोठ्या माणसांशी दिवसभर असंच बोलतात आणि कोणाला ते लाडिक वाटत नाही.

तर करायचं काय ते सांगते. वाक्य मनात मराठीत तयार झालं की त्यातला 'तुम्ही' उचलून फेका आणि तिथे काक, बांग, दिक यातलं एक ठेवा. "तुम्ही जेवलात का?" याचं "काक दाह माकान?" इतकंच. आणि स्वतःसाठी मात्र 'साया' म्हणा, म्हणजे 'मी', तो शब्द कुठेही, कोणासमोरही चालतो. स्वतःला काकाक किंवा आबांग म्हणवून घेणं हे समोरचा खरंच लहान असेल आणि थोडी ओळख झाली असेल तरच, नाहीतर आपणच आपल्याला मोठेपणा दिल्यासारखं होतं.

वय ओळखायचं कसं

नियम सोपा: आपल्यापेक्षा थोडं मोठं किंवा साधारण बरोबरीचं वाटलं तर काक किंवा बांग. उघड उघड लहान असेल, कॉलेजचं पोरगं वगैरे, तर दिक. आईवडिलांच्या पिढीतलं असेल तर माकचिक (बाई) आणि पाकचिक (पुरुष).

आणि शंका आली की एक पायरी खाली या, म्हणजे माकचिक की काक असा प्रश्न पडला तर काक. बाईंच्या बाबतीत तर डोळे झाकून काक. पन्नाशीच्या बाईला काक म्हटलेलं तिला चालतं, उलट खूश होते, चाळिशीच्या बाईला माकचिक म्हटल्यावर काय होतं ते वर सांगितलंच. पुरुषांना पाकचिक म्हटल्याचं तेवढं लागत नाही, तरी बांग म्हणून कोणाचं काही बिघडत नाही.

एक गंमत इथे आहे जी मला आधी झोंबली. दुकानातल्या, ठेल्यावरच्या पोरी गिऱ्हाइकाला वय न बघता वर चढवतात. "मारी काक, तेंगोक काक!" या ताई, बघा ताई. पस्तिशीची सेल्सवाली तिशीच्या बाईला काक म्हणते, तिचा अर्थ 'तू म्हातारी दिसतेस' असा नाही, ती गिऱ्हाइकाला मान देतेय. पुरुषाला 'बांग' नाहीतर सरळ 'बोस', म्हणजे बॉस. याउलट वयस्कर ठेलेवाली तुम्हाला "दिक, नाक आपा?" काय पाहिजे बाळा, असं विचारेल, तेही प्रेमाचंच.

ठेल्यावर आणि गाडीत, रोजच्या रोज

रोज लागतात ती चारपाच वाक्यं तोंडपाठ करा, बाकी आपोआप येतं. पेय मागवायला "काक, ते ओ आइस लिमाउ सातू", म्हणजे ताई, एक लिंबू घातलेला बिनदुधाचा गार चहा. पार्सलला 'बुंगकुस'. रस्ता विचारायचा असेल तर सुरुवात "बांग, तुम्पांग तान्या", दादा, जरा विचारायचं होतं. घासाघीस करायला "बोलेह कुरांग सिकित, काक?" थोडं कमी होईल का ताई. बिलाला "बांग, किरा!" आणि निघताना "तरिमा कासिह, काक". खुशाली विचारायला "आपा काबार, काक?", यातला काबार म्हणजे आपली खबरच, अरबीतून दोघांकडे आलेली.

हाक वाक्याच्या आधी लावा किंवा शेवटी, पण लावा. इथे 'प्लीज'चं काम बहुतेक वेळा तीच हाक करते. नुसतं "ते ओ सातू" म्हटलं तर ऑर्डर सोडल्यासारखं, "ते ओ सातू, काक" म्हटलं की झालं. मी हे नासी चांपुर वाल्या ठेल्यावर रोज बघते, नासी चांपुर म्हणजे भात घ्यायचा आणि समोरच्या वीसेक भाज्या, मासे, अंडी यातलं पाहिजे ते आपणच वाढून घ्यायचं, मग काउंटरवरची बाई ताटाकडे दोन सेकंद बघते आणि कुठलाही कागद न घेता आकडा सांगते. हा आकडा ती कसा काढते ते देवाला माहीत. पण "बरापा, काक?" म्हणणाऱ्याच्या ताटाकडे आणि नुसतं ताट पुढे ढकलणाऱ्याच्या ताटाकडे ती एकाच नजरेने बघत नाही, एवढं मी पैजेवर सांगते.

नाव माहीत झालं की

मग नात्यापुढे नाव जोडा. काक नोर, आबांग अझीझ किंवा बांग अझीझ. आपण नाव आधी आणि ताई नंतर म्हणतो, मीनाताई, सुरेशदादा, इथे उलटं. ऑफिसात मलाय लोक एकमेकांना सर्रास असंच म्हणतात आणि नवीन माणसाने मोठ्या सहकाऱ्याला नुसतं नावाने हाक मारणं जरा कोरडं वाटतं.

पण बँक, सरकारी काउंटर, पहिली भेट, ईमेल, इथे बहीणभाऊ नकोत. इथे पुरुषाला 'अंचिक', लग्न झालेल्या बाईला 'पुआन', अविवाहित किंवा माहीत नसेल तर 'चिक'. पत्रात 'तुआन' आणि 'पुआन'. शिक्षक असेल तर स्त्री असो की पुरुष, 'चिकगू', आणि हा शब्द इतका मानाचा की रिटायर झाल्यावरसुद्धा गावात लोक चिकगूच म्हणतात, आपल्याकडे गुरुजी म्हणतात तसंच.

इथे एक जबरी चूक होते ती नावाची. मलाय माणसाला आडनाव नसतं. अहमद बिन इस्माईल म्हणजे इस्माईलचा मुलगा अहमद, मुलीच्या नावात बिनऐवजी 'बिंती'. आपण सवयीने शेवटचं नाव आडनाव समजतो आणि 'अंचिक इस्माईल' म्हणून त्याच्या वडिलांना हाक मारून बसतो. बरोबर आहे ते 'अंचिक अहमद'. आणि कोणाच्या कार्डावर दातुक, तान स्री, तुन असं काही दिसलं तर तो सन्मानाने मिळालेला किताब आहे, मग अंचिक नाही म्हणायचं, किताबच म्हणायचा. दातुकची बायको दातिन, तान स्रीची पुआन स्री. गंमत म्हणजे 'दातुक'चा साधा अर्थ आजोबा, त्यामुळे तुमची मैत्रीण "माझे दातुक गावाला असतात" म्हणाली तर लगेच बडं घराणं आहे असं समजू नका.

कोणाच्या घरी गेलात तर

माझं सगळ्यात आवडतं प्रकरण हे. हारी राया, म्हणजे ईद, त्यावेळी एका मैत्रिणीच्या गावी गेले होते, पेराकमध्ये. दारातच ओळख सुरू झाली, हे पाक लोंग, ह्या माक ङाह, हा पाक सू, आणि मी मनात म्हणतेय, किती चिनी नावं आहेत यांची! नावं नव्हतीच ती. तो जन्माचा क्रम होता. 'सुलुंग' म्हणजे थोरलं, त्याचं झालं लोंग. 'तंगाह' म्हणजे मधलं, त्याचं ङाह. 'बोंगसू' म्हणजे शेंडेफळ, त्याचं सू. मध्ये भावंडं जास्त असतील तर लांग, तेह, उदा, चिक असे आणखी शब्द आहेत, त्यांचा क्रम घराघरात थोडा बदलतो. तेह म्हणजे 'पुतिह'मधला, गोरा किंवा गोरी.

म्हणजे पाक लोंग हे आईवडिलांच्या भावंडांतले थोरले, माक सू सगळ्यात धाकट्या. आणि आपल्या डोक्याला खरा झटका इथे बसतो. आपण विचारतो, हा आईकडचा की वडिलांकडचा? त्यावरून काका, मामा, आत्या, मावशी. मलाय लोकांना ते विचारायची गरजच नाही, पाक लोंग आईचा भाऊ असेल, वडिलांचा असेल, नाहीतर थोरल्या मावशीचा नवरा असेल, क्रम लोंगचा म्हणजे तो पाक लोंग. मी मैत्रिणीला चारदा विचारलं की पण हे तुझे काका की मामा, शेवटी ती वैतागून म्हणाली, लोंग आहेत, बास.

भावंडांतही तेच, सगळ्यात मोठी ताई काक लोंग, मधली काक ङाह, आणि घरात तर नुसतं 'आलोंग', 'आङाह'. चुलत, मामे, आते भावंडं सगळी 'सपुपू', पण हाक आबांग आणि काकाकचीच.

पाहुणे म्हणून तुम्ही काय करायचं? काही नवीन नाही करायचं, मित्र किंवा मैत्रीण जे म्हणते तेच म्हणायचं. ती पाक लोंग म्हणते ना, मग तुम्हीपण पाक लोंग. घरात लहान मुलं आलेल्या मोठ्यांचा हात हातात घेऊन त्याला नाक किंवा कपाळ टेकवतात, आपल्या वाकून नमस्काराच्या जागी. तुमच्याकडून त्याची अपेक्षा नसते, पण आपण बाई आणि समोर पुरुष, किंवा उलट, असेल तर समोरच्याने हात पुढे केल्याशिवाय आपण करायचा नाही, हात छातीवर ठेवून जरा मान झुकवली की पुरतं.

जिथे पाय घसरतो

आबांग हा शब्द भावाचा आहे तसाच नवऱ्याचापण. भरपूर बायका नवऱ्याला आबांग म्हणतात. हो, दादाच, ऐकायला आपल्याला कसंतरी होतं, पण तिथे त्याचा अर्थ 'अहो'. त्यामुळे बायकांनी ऑफिसातल्या एखाद्या पुरुषाला लांबवून, लाडात "आबांऽऽऽग" असं म्हणायचं टाळा. नाव जोडा, किंवा आखूड 'बांग' म्हणा, की मामला साफ. तसंच पुरुषांनी अनोळखी मुलीला दिक म्हणताना आवाज सरळ ठेवा, आणि 'आदिक मानिस', म्हणजे गोड मुली, हे तर अजिबात नको, ते सरळ सरळ लाइन मारणं होतं. मुलगी मोठी आहे, पण किती ते कळत नाही, तर 'चिक' म्हणा.

'आलोंग' घरात थोरल्या भावंडाला, पण बाहेर कोणाच्या तोंडून 'आ लोंग' ऐकलंत तर तो वेगळा, तो कँटनीजमधून आलेला, बेकायदा सावकार. पैसे वसूल करायला घरावर लाल रंग फेकणारा तो. दोन्ही एकाच आवाजात.

सिंगापुरात आणि इकडच्याही काही घरांत पोरं कामवाल्या इंडोनेशियन बाईला 'काकाक' म्हणतात, त्यामुळे "आमची काकाक आज सुट्टीवर आहे" याचा अर्थ बहीण नाही. आणि 'बांग'च्या जवळ जाणारा 'बांगला' हा शब्द बांगलादेशी कामगारांसाठी इथे तुच्छतेने वापरतात, तुमच्या तोंडून चुकूनही नको. त्या माणसालाही बांगच म्हणा.

सगळे मलाय नसतात

इथल्या चिनी आणि तमिळ वयस्कर लोकांना 'अंकल' आणि 'आंटी' म्हणतात आणि ते कोणाला लागत नाही. तमिळ माणसाला 'अण्णे', बाईला 'अक्का', अक्का तर आपलाच शब्द. तमिळ मुस्लिमांची जी रात्रभर चालणारी हॉटेलं आहेत त्यांना मामाक म्हणतात, तिथे 'अण्णे' किंवा 'बोस' म्हटलं की रोती चानाय पटकन येते. पोरं एकमेकांना 'मच्चा' म्हणतात, मूळ अर्थ मेहुणा, पण वापर आपल्या 'भावा'सारखा, आणि फक्त बरोबरीच्यांत.

कोणालाच काय म्हणावं कळत नसेल तर विचारा, त्यात लाज नाही: "साया नाक पांगिल आपा या?" मी काय हाक मारू? बहुतेक जण दोन सेकंदांत स्वतःच आपला नंबर सांगतात, "पांगिल काक नोर जे", काक नोर म्हण नुसतं.

केलांतान राज्यात गेलात तर आबांगचं 'आबे' होतं. आम्हा नागपूरकरांना 'बे' काय नवीन नाही, पण आमच्याकडे 'अबे' म्हणजे गचांडी धरायच्या आधीचा शब्द, आणि तिथल्या कोता बारू शहरातल्या पासार सिती खदिजा या बाजारात, जिथे विकणाऱ्या जवळजवळ सगळ्या बायकाच, तिथे एक मसालेवाली माझ्या नवऱ्याला इतक्या प्रेमाने "आबे, आबे" म्हणत होती की तो गोंधळून दोन किलो सुकी मासळी घेऊन आला.

आणि फेरीने सिंगापूरहून तासाभरात बाताम गाठलंत तर तिथे इंडोनेशिया, तिथले नियम वेगळे. तिथे 'काक' पुरुषालाही चालतो, दुकानातली पोरं स्त्रीपुरुष सगळ्यांना काक म्हणतात. जावाच्या लोकांत 'मास' आणि 'म्बाक', आणि मोठ्यांना 'पाक' आणि 'बू'. माझा नवरा तिथे मोबाइलचं सिम घ्यायला गेला, पोराने विचारलं, "नामान्या सियापा, काक?" तर हा वळून माझ्याकडे बघतो, की तुझं नाव विचारतोय बघ.